दोष न झाकणारा सिनेमा

कमी पैशांतल्या वास्तववादी सिनेमावर हमखास आक्षेप असतो: परदेशी महोत्सवांसाठी गरिबीचं प्रदर्शन. तो सरसकट खोटा नाही. पण चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या मापात बसत नाही. मॅनहोलमध्ये मेलेला सफाई कामगार तिथे हुतात्मा होत नाही; दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू पिऊन उतरायचा, हे त्याची बायकोच साक्षीत सांगते. त्याच्या मृत्यूप्रकरणी आरोपी ठरलेल्या लोकशाहिराची भूमिका केली नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. या शाहिराविरुद्ध उभी सरकारी वकील खलनायिका नाही, घरी जाऊन स्वयंपाक करणारी गृहिणी आहे. आणि त्यामुळेच ती जास्त अस्वस्थ करते. प्रदर्शनाला बिचारे लागतात, इथे एकही नाही. ‘फँड्री’ या चित्रपटातला जब्याही बिचारा नाही; तो बापाच्या कामाची लाज बाळगतो आणि मुलगी वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीमागे धावतो.

‘मग हे बघणार कोण?’ हा दुसरा प्रश्न अधिक खरा. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ हा चित्रपट केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी राष्ट्रीय पुरस्काराने चित्रपटगृहातली वेळ मिळत नाही. अडचण वितरणाची आहे, आशयाची नव्हे. असा सिनेमा उभा करायला जागाही आहेत: नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या, खाडीकाठच्या गावाभोवती उभ्या राहिलेल्या सिडको वसाहतीत अशा कथेला सेटही लागणार नाही. लागेल तो संध्याकाळचा, परवडणारा खेळ.