रेशमाची पारख

धाकटीच्या नातवाचा बार मित्स्वा येत्या उन्हाळ्यात आहे. त्याच्या तलीतला मानेजवळ जी पट्टी लावतात, जिला हिब्रूत अतारा म्हणतात, ती आपल्या हातची भरून द्यावी असे आम्ही दोघी बहिणींनी ठरवले. थोरली पंचाहत्तर वर्षांची, धाकटी एकाहत्तर. दोघी न्यू जर्सीत, एकमेकींपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. टाके शिकलो ते मुंबईत शाळेच्या शिवणाच्या तासाला, मांजरपाटावर. तेव्हा दोऱ्याची निवड हा प्रश्नच नव्हता. सहापदरी सुती लड मिळे, ती दोघी-तिघींत वाटून घ्यायची.

इथल्या भरतकामाच्या दुकानात रेशमाची अख्खी भिंत पाहिली आणि आम्ही गोंधळलो. एकेका लडीची किंमत सुती लडीच्या कितीतरी पट. दुकानातली बाई म्हणाली, घरी नेऊन टाके घालून बघा, लडीवरून काही कळत नाही. हे तिचे बोलणे अगदी खरे निघाले.

म्हणून आधी नमुन्याचा रुमाल केला. आमच्या शाळेतल्या बाई त्याला हेच नाव देत; अमेरिकेत सॅम्पलर म्हणतात. ही चाल इथे फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात लोरा स्टँडिश नावाच्या मुलीने सतराव्या शतकात लिननवर रेशमाने भरलेला रुमाल आहे. अमेरिकेत भरलेल्या रुमालांत तो सर्वांत जुना मानतात. त्या काळी नमुन्याचे पुस्तक सर्वांना मिळत नसे, म्हणून मुली कापडावरच टाके जमवून ठेवीत. आम्ही टाक्यांऐवजी दोरे जमवले, एवढाच फरक.

दोऱ्यांबद्दल सांगण्याआधी रेशमाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढचे समजणार नाही. किड्याच्या कोशातून शेकडो मीटर लांबीचा एकसंध तंतू निघतो. कोश गरम पाण्यात टाकून तो उलगडतात. तंतूवर नैसर्गिक डिंक असतो, तो साबणाच्या पाण्यात उकळून काढला की चकाकी येते. अशा लांब तंतूंपासून केलेला दोरा आरशासारखा चमकतो. कोश फुटले किंवा तंतू तुटले तर ते तुकडे फेकून देत नाहीत. कापसासारखे पिंजून त्यांचे सूत काततात. हे कातलेले रेशीमही खरेच रेशीम, पण त्याची चमक मंद आणि हाताला ते मऊ लागते. याखेरीज पीळ बघायचा. पीळ नसलेला चपटा दोरा सर्वांत चमकतो. जसजसा पीळ वाढतो तसतशी चमक कमी होते आणि बळकटी वाढते. दुकानातल्या त्या भिंतीवरचे बहुतेक फरक या दोन गोष्टींत बसतात. बाकी नावे आणि रंग.

आम्ही सहा रेशमी दोरे आणि तुलनेसाठी एक सुती घेतला. सुती म्हणजे डीएमसीची नेहमीची सहापदरी लड. रेशमात पॅरिसच्या ओ व्हेर आ स्वा या घराण्याचे तीन: स्वा दाल्झे, म्हणजे सातपदरी कातलेले रेशीम, स्वा पेर्ले, लांब तंतूचा पीळदार दोरा, ज्याचे पदर सोडवायचे नसतात, आणि स्वा ओव्हाल, अगदी चपटा. चौथा रेनबो गॅलरीचा स्प्लेंडर, बारा पदरांचा. उरलेले दोन लहान कारखानदारांचे हातरंगी दोरे, एकाच दोऱ्यात फिकट-गडद छटा असणारे.

कापड लिननचे घेतले, इंचाला अठ्ठावीस धाग्यांचे. आडव्या ओळीत टाके, उभ्या रांगेत दोरे, प्रत्येक खण एक इंचाचा. टाके पाच: भरीव टाका, देठाचा टाका, साखळी, फुली आणि गाठ. आमचा आग्रह एकच होता, रंग सगळीकडे शक्य तितका सारखा निळा हवा. रंग वेगळे घेतले की डोळा आवडत्या रंगाच्या बाजूने निकाल देतो. पंचवीस-तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर एवढे कळते! खणाखाली पेन्सिलीने दोऱ्याचे नाव आणि किती पदर घेतले ते लिहिले. हे न लिहिले तर आठवड्यानंतर काही आठवत नाही, निदान आमच्या वयाला तरी.

पहिला धडा पदरांचा मिळाला. दोन पदर म्हणजे सगळीकडे तीच जाडी, असे आम्ही धरून चाललो होतो. स्वा दाल्झेचा एक पदर सुती दोऱ्याच्या पदराहून आम्हाला किंचित जाड वाटला, आणि बारापदरीचे पदर वेगळेच बसले. एका खणात कापड दिसत होते, शेजारच्यात टाके एकमेकांवर चढले. ती ओळ उसवून पुन्हा भरली. मोजायचे ते कापड झाकले जाते की नाही, पदरांचा आकडा नव्हे.

दुसरा धडा आमच्या बोटांनी दिला. चपटे रेशीम खणात उतरले तेव्हा इतके देखणे दिसले की धाकटी म्हणाली, आता बाकीचे भरायलाच नको. पण भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटांना त्याचा प्रत्येक तंतू अडकत होता. यावर उपाय आहे. चमचाभर साखरेत थोडे तेल घालून हात चोळायचे आणि साबणाने स्वच्छ धुवायचे. आम्ही शनवार तेल्यांच्या मुली, तेलाचा हात आम्हाला नवा नाही. मात्र धुतल्याशिवाय कापडाला हात लावू नये. उपाय केल्यावर अडकणे कमी झाले, थांबले नाही. शिवाय अतारा मानेला घासणार, मुलगा तलीत घडी करून कसाही पिशवीत कोंबणार. चपटा दोरा भिंतीवरच्या चौकटीत शोभेल. दोष दोऱ्याचा नाही, जागेचा आणि आमच्या बोटांचा.

दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांपर्यंत, फार तर अठरा इंच ठेवा. सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा गेल्याने रेशीम झिजते आणि त्याची चमक उतरते. नेढे जरा मोठे असलेली सुई घेतली की दोराही वाचतो आणि आपले डोळेही.

आता रंगाच्या चाचण्या. प्रत्येक दोऱ्याचा निळ्याबरोबर एक लाल तुकडाही आम्ही वेगळ्या चिंधीवर भरला होता. पांढरे सुती कापड ओले करून वर ठेवले आणि इस्त्री दाबली. एका हातरंगी लालाने पांढऱ्यावर गुलाबी डाग सोडला. अतारा कोणी रोज धूत नाही, पण मानेचा घाम असतो, पाऊस असतो. दुसरी चाचणी उन्हाची. चिंधीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून चार महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. कागद काढल्यावर तीन ठिकाणी झाकलेला भाग उघड्या भागाहून गडद दिसला. रेशमाला ऊन सोसत नाही हे ऐकून होतो, या वेळी डोळ्यांनी पाहिले.

सर्वांत मोठी चूक मात्र दोऱ्यात नव्हती, कापडात होती. रुमाल इतका छान झाला की अताराही त्याच लिननवर करू असे ठरत आले होते. तेवढ्यात थोरलीच्या लक्षात आले, मुलासाठी घेतलेला तलीत लोकरीचा आहे. लोकर आणि लिनन एकत्र, म्हणजे शाअतनेझ! वायिक्रा 19:19 आणि देवारीम 22:11 मध्ये ते स्पष्ट मना केले आहे. रेशीम आणि लिनन एकत्र चालते, म्हणून आमच्या रुमालाला बाध नाही. पण लिननची पट्टी लोकरीच्या तलीतला शिवली तर तो घालता येणार नाही. रब्बींना विचारून खात्री केली आणि पांढरे रेशमी कापड आणले, आतून सुती अस्तर. आपल्यापैकी कोणी नातवंडांसाठी असे काम हाती घेतले असेल तर दोऱ्याआधी हे बघावे. तयार कापडावर लेबल असते, ते वाचावे.

निवड अशी झाली. हिब्रू अक्षरांच्या आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक. जाड रेघा स्वा दाल्झेच्या दोन पदरांनी भरीव टाक्यात, कारण तो मंद चमकतो आणि अडकत नाही. उभ्या रेघा त्याच्याच एका पदराने देठाच्या टाक्यात. दोन्ही टोकांना डाळिंबे, ती पीळदार पेर्लेची.

राहिली आठवी रांग. आईच्या बिस्किटांच्या डब्यात पिवळ्या रेशमाची एक लड आहे. तिने बाबांच्या तलीतच्या मखमली पिशवीवर मागेन दाविद भरला, त्यातली उरलेली. लेबल केव्हाच गेले. आई ती पिशवी कोणाला पाण्यात घालू देत नसे. रेशीम आहे, खराब होईल, म्हणायची. निळ्याच्या रांगेत पिवळा दोरा कसा, म्हणून जरा वाद झाला, पण तो भरला. फार चमकला, सगळ्यांहून जास्त. थोरलीला शंका आली. दोरा ओळखायचा तर जाळून बघतात. रेशीम ज्योतीपासून आकसते, केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा चिमटीत चुरतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेले कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन, कागदासारखे भुरुभुरु जळते. धाकटी म्हणाली, आईचा दोरा जाळायचा नाही. दोन दिवस लड तशीच पडून राहिली. मग तिनेच टोकाचा इंचभर कापून दिला. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवला. वास कागदाचा आला.

आईला ते ठाऊक होते की नाही, आता विचारता येत नाही. पाण्याचे मात्र तिचे बरोबर होते. रेयॉन ओले झाले की कमजोर पडते.

आठव्या खणाखाली आम्ही ‘आईचे रेशीम’ असे लिहिले आहे. लड अजून साधारण तीन हात उरली आहे. ओल्या कापडाची चाचणी केली, रंग सुटला नाही. डाळिंबांचे दाणे गाठीच्या टाक्याने त्यातूनच भरायचे ठरले आहे, एका डाळिंबाला सात.