मनीचा निंब

कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. मनीचं वागणं जवळून पाहायला लागल्यापासून मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. मनी आमच्या घरात जेवते, पावसात आणि थंडीत झोपते. बाकी तिचा सगळा कारभार घरामागच्या सांदवाडीतल्या निंबावर चालतो. निंब आहे म्हणून ती या घराची आहे.

झाड जुनं आहे, मी या घरात यायच्याही आधीचं. बुंधा एकट्याच्या कवेत मावत नाही. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराचे टिन, खाली धुण्याचा दगड. कोवळ्या निंबाची साल गुळगुळीत असते. वय झालं की तिला उभ्या भेगा पडतात, आणि मांजराच्या नखांना नेमक्या याच भेगा लागतात. चार पावलांवर पेरूचं झाड आहे. त्याची साल तुळतुळीत, पापुद्रे सुटणारी. मनी त्याच्या वाटेला जात नाही.

सकाळी मागचं दार उघडलं की ती आधी बुंध्यापाशी जाते. मागच्या पायांवर उभी राहते, पाठ ताणते, पुढचे पंजे जमतील तितके वर टेकवते आणि जोर लावून खाली ओढते. खर्र, खर्र असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. मांजर नखांना धार लावतं, असं आपण म्हणतो. धार येते हे खरं, पण ती घासून येत नाही. नखावरचं जुनं कवच निघून पडतं आणि आतलं नवं, टोकदार नख उघडं होतं. सालीच्या भेगेत असं एक कवच मला सापडलं होतं. तांदळाच्या तुसासारखं हलकं, वाकलेलं, आतून पोकळ आणि उजेडात धरलं तर आरपार दिसणारं. टोक मात्र बोटाला टोचत होतं. मांजराला अशी अठरा नखं असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार. मागची नखं ती दातांनी ओढून साफ करते. झाड लागतं ते पुढच्या पंजांसाठी.

त्याच वेळी दुसरंही एक काम होत असतं, ते आपल्याला दिसत नाही. मांजराच्या पंजात बोटांच्या मध्ये गंधग्रंथी असतात. ओरखड्यासोबत तिचा वास सालीत बसतो. गालांत आणि हनुवटीतही अशा ग्रंथी असतात. पूर्वी कधीतरी तोडलेल्या एका फांदीचा खुंट बुंध्याला तिच्या तोंडाच्या उंचीवर उरला होता, गाल घासायची तिची जागा ती. रोज घासून घासून तो खुंट काळसर आणि तेलकट झाला होता. पावसाची मोठी सर ओसरली की मनी पाय झटकत आधी तिथे जाई, हुंगे आणि दोन्ही गाल घासून परत येई. धुऊन गेलेली खूण तिला पुन्हा करायची असे.

ही खूण फक्त तिच्यासाठी नाही. वस्तीतला एक करडा बोका रात्री भिंतीवरून येतो, बुंधा बराच वेळ हुंगतो, स्वतःची भर घालतो आणि निघून जातो. दोघांची गाठ क्वचितच पडते. जर्मन अभ्यासक पॉल लायहाउझेन यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या वागण्यात हेच टिपलं होतं. एकच वाट, एकच जागा ती वेगवेगळ्या वेळी वापरतात आणि समोरासमोर येणं टाळतात. आमचा निंब दिवसा मनीचा आणि रात्री बोक्याचा असतो.

आमच्याच वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्याच्या बाजूला बोरचं जंगल आहे. 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. तिथे वाटाड्याने एका बुंध्यावरचे वाघाचे ओरखडे दाखवले, ते माझ्या डोक्याच्या वर होते. वाघही असाच मागच्या पायांवर उभा राहतो, पंजे ओढतो, वास ठेवतो. त्या झाडापुढे उभी असताना मला सकाळची मनी आठवली, आणि घरच्या झाडाकडे बघायची माझी नजर त्यानंतर बदलली.

चढणं हा तिचा हातखंडा. ती बुंध्याशी दबून बसते, वर पाहते, मागचा भाग किंचित हलवते आणि उडी घेते. पुढची नखं सालीत अडकतात, मागचे पाय ढकलतात, आणि क्षणात ती दहा फुटांवरच्या बेचक्यात असते. उतरणं मात्र निराळं. नखं आतल्या बाजूला वाकलेली असल्यामुळे वर जाताना पकड बसते, पण डोकं खाली करून उतरायला गेलं की तीच नखं सुटतात. अमेरिका खंडातल्या जंगलांत मार्गे नावाचं रानमांजर आहे, ते मागचा घोटा उलटा वळवून सरळ डोक्याकडून उतरतं. घरच्या मांजराला ते जमत नाही. मनी पिल्लू असताना वर अडकून इतकी ओरडली होती की शेजारच्या बाया जमल्या. शिडी लावली तर ती आणखी वर गेली. शेवटी भूक लागल्यावर तिने स्वतःच शेपूट खाली केली आणि एकेक पंजा मागे टाकत उतरली. मोठी झाल्यावर ती तशीच अर्ध्यापर्यंत येई, मग वळून न्हाणीघराच्या टिनांवर उडी मारी. टिनांचा तो धप्प आवाज झाला की घरात सगळ्यांना कळे, बाईसाहेब आल्या.

वर्ध्याचा उन्हाळा सांगायला नको. नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तीस ते अडतीस अंशांपर्यंत मांजराच्या शरीराला वेगळे कष्ट पडत नाहीत, त्यापुढे मात्र पडतात, आणि त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीला. निंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात आणि ऊन तापेपर्यंत नवी पालवी भरून येते. गरज असते तेव्हाच सावली दाट. मनी अकरापर्यंत बेचक्यात असते. वर गरम वारा सुटला की खाली येते आणि धुण्याच्या दगडापाशी, निंबाच्या सावलीतल्या ओल्या मातीवर अंग पसरते. घरात कूलर सुरू असतो, तरी ती तिथेच. संध्याकाळी पुन्हा वर.

निंबोळ्या पिकल्या की झाडावर बुलबुल, साळुंक्या, कोकिळा येतात. खारी तिला पाहून शेपूट उडवत चिरचिर करतात आणि सगळ्या आवाराला कळवतात. झाडावर मोठं पाखरू तिच्या हाती सहसा लागत नाही. घरट्याबाहेर पडलेली पिल्लं लागतात. म्हणून विणीच्या दिवसांत मी तिला पहाटे आणि तिन्हीसांजेला आत ठेवते. ती दाराशी बसून रागावते. रागावू दे. निंब तिचा आहे तसा बुलबुलांचाही आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला माणूस बोलावला. मनी वरच होती. "काकू, मांजर पयले खाली घ्या, मंग तोडतो," म्हणाला. तारांकडची फांदी गेली, ती तिची बसायची फांदी होती. हात लागला तसा त्याने बुंध्यावरचा तो काळसर खुंटही साफ करून टाकला.

त्यानंतरची मनी मला पाहवत नव्हती. बुंध्याभोवती फिरायची, खुंटाच्या जागी पांढऱ्या पडलेल्या लाकडाला नाक लावायची, मागे सरकायची. वर चढेना. ओरखडे मात्र वाढले. आधी ती एकाच बाजूला ओरखडायची, आता बुंध्याच्या चारही अंगांना ताज्या रेघा दिसू लागल्या. दूध अर्धं टाकून जायची. तिला घरात काहीच कमी नव्हतं, तेच ताट, तीच गोधडी, तीच माणसं. कमी झालं होतं ते झाडावर.

हळूहळू तिने पलीकडची, भिंतीकडे झुकलेली फांदी धरली. आधी भिंतीवरून, मग बुंध्यावरून. कापलेल्या जागी डिंक आला होता, तो वाळल्यावर तिथे तिने गाल टेकवला. आता ती जागा परत काळवंडते आहे. टिनांवरची उडी लांब पडते, म्हणून ती भिंतीवरूनच उतरते आणि मागच्या दाराऐवजी खिडकीतून आत येते.

यंदा छाटणीला माणूस येईल तेव्हा मी झाडाखाली उभी राहणार आहे. तारांकडचं जेवढं वाढलं तेवढं खुशाल काढ, भिंतीकडच्या फांदीला आणि बुंध्याला हात लावू नको, असं त्याला सांगायचं ठरलं आहे. फांदी ओळखू यावी म्हणून तिला सुतळी बांधून ठेवली होती. मनीने ती कुरतडून टाकली, आता खडूची खूण करणार आहे.