पोरांचा वाटा सुगीतच बाजूला काढा



ज्वारी काढताना ठसठशीत कणसं आपण बियाण्यासाठी आधीच वेगळी बांधतो. पुढे घरात पीठ संपलं तरी त्या कणसांना कुणी हात लावत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला मात्र आपण उलटा न्याय लावतो. दुकानदाराची उधारी, सोसायटीचं कर्ज, पाहुण्यांचा आहेर भागवून उरलं तर बघू म्हणतो. आणि उरत कधीच नाही!

नोकरदाराला महिन्याला पगार असतो, त्याला महिन्याचा हप्ता जमतो. आपला पैसा सोयाबीन विकलं की एकदम येतो आणि पुढच्या पेरणीपर्यंत हात आखडतो. म्हणून बचतही पिकाच्या चालीनंच बसवावी.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर 2015 साली सुरू झालेलं सुकन्या समृद्धी खातं पोस्टात किंवा बँकेत तिच्या नावानं उघडा. महिन्याच्या हप्त्याची सक्ती नाही. वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरायचे, जास्तीत जास्त दीड लाख. भरणा 15 वर्षं आणि खातं 21 वर्षांनी पूर्ण होतं. मुलगी दहावी पास झाली किंवा 18 वर्षांची झाली, की पुढच्या शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. दर सुगीला 6,000 रुपये भरले, तर तुमच्या खिशातून 90,000 जातात. 2024 च्या जानेवारीत ठरलेला 8.2 टक्के दर पुढं टिकला असं धरलं, तर शेवटी हाती पावणेतीन लाखांच्या आसपास येतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तेव्हा हा आकडा अंदाजाचा समजा. एक बारकावा : पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही.

मुलासाठी याच चालीचं पी.पी.एफ. खातं आहे. वर्षाला किमान 500 रुपये, मुदत 15 वर्षं.

घरी दुभतं जनावर असेल तर गोष्ट वेगळी. दुधाचं बिल वरचेवर येतं, तिथं पोस्टाची पाच वर्षांची आवर्त ठेव बसते. 100 रुपयांपासून सुरू करता येते.

“पोस्टात व्याज कमी, पतसंस्था जास्त देते,” असं बरेच जण म्हणतात. माझे वडीलही हेच म्हणायचे. कापसाचे तीन वर्षांचे पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. माझ्या बारावीच्या वर्षी तिच्या दाराला कुलूप लागलं, आणि कृषी महाविद्यालयाची फी भरायला दावणीची बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षी आमची पेरणी दुसऱ्याच्या बैलांवर झाली, तीही उशिरा. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. भिशीचंही तसंच. बी-खताची नड भागवायला ती ठीक, पण पंधरा वर्षांचा पैसा तिथं घालू नका.

खातं काढायला मुलीचा जन्मदाखला, पालकांचं आधार आणि पॅन कार्ड लागतं. कुणा एजंटाच्या हाती पैसे दिले तर त्याच्या वहीतल्या सहीवर थांबू नका, पासबुकात नोंद झालेली स्वतः पाहा. आणि पासबुक कुठं ठेवलंय ते घरच्या कारभारणीलाही ठाऊक असू द्या.