सर्वांत मोठी मोरी

पाळीसारख्या आतल्या गावातून समुद्र दिसत नाही. परंतु बाजारातली मोरी आपल्या स्वयंपाकघरात येतेच. मोरी ही शार्कची जात, हे वर्गात सांगताच एका मुलाने विचारले, “सर, सर्वांत मोठी मोरी केवढी असते? ती माणसाला गिळते का?” त्याला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहे.

सर्वांत मोठी मोरी म्हणजे व्हेल शार्क. ती आपल्या अरबी समुद्रातही आढळते. जगातील सर्व माशांत हीच मोठी. ३० ते ४० फूट लांबीच्या मोऱ्या पाहण्यात आल्या असून काही त्याहूनही मोठ्या असतात. नावात ‘व्हेल’ असले तरी हा देवमासा नव्हे. देवमासा पाण्यावर येऊन हवा घेतो व पिलांना दूध पाजतो. ही मोरी कल्ल्यांनी श्वास घेते. देवमाशाचे शेपूट आडवे असते, हिचे उभे. अंगावर पांढरे ठिपके असतात. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे दोन मोऱ्यांचे ठिपके सारखे नसतात. त्यावरून शास्त्रज्ञ प्रत्येकीला ओळखतात.

एवढे धूड खाते काय? पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांची अंडी आणि लहान मासळी! तिच्या तोंडात बारीक दातांच्या सुमारे ३०० रांगा असतात, पण चावण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. ती तोंड उघडून पाणी आत घेते. कल्ल्यांजवळच्या चाळणीत अन्न अडकते आणि पाणी बाहेर जाते. वीस फुटांची मोरी अशा रीतीने तासाला सुमारे सहा लाख लिटर पाणी गाळते. माणूस हे तिचे भक्ष्य नव्हेच.

उलट माणसानेच तिचा घात केला. गुजरातच्या किनाऱ्यावर मांसासाठी आणि होड्यांना लावायच्या यकृताच्या तेलासाठी तिची शिकार होत असे. तैवानजवळ १९९५ साली सापडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले होती, हे खरे; परंतु पिलू वयात यायलाच २५ ते ३० वर्षे लागतात. म्हणून मारलेल्या एका मोरीची भरपाई लवकर होत नाही.

२००१ साली भारत सरकारने तिला कायद्याने संरक्षण दिले. पण केवळ कायद्याने जाळे कापले जात नाही. २००४ साली गुजरातेत मोरारी बापूंनी लोकांना समजावले, की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. ते मच्छीमारांच्या मनाला भिडले. जाळ्यात अडकलेली मोरी ते जाळे कापून सोडू लागले आणि जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागले. महाराष्ट्रानेही २०१८ साली अशी योजना काढली. तीत २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली.

जाळे ही मच्छीमाराची भाकरी. लेकीसाठी त्याने ती तोडली, तर तोटा त्याच्या एकट्याच्या माथी पडू नये. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर समुद्रात आहे. उरलेले अर्धे आपल्यापाशी आहे.