हिट्टु तिगणे आणि मावशीची मनी

सुरतेच्या पूर्वेला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. माझी मावशी मागाच्या धंद्यापायी इचलकरंजीहून तिकडे गेली आणि तिथलीच झाली. गच्चीवर तिच्या तीसेक कुंड्या: तुळस, जास्वंद, कढीपत्ता, मोगरा. शिवाय घरात मनी मांजर आणि दोन वर्षांची नात. गेल्या उन्हाळ्यात जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं पीठ धरलं आणि बघता बघता ते तुळशीवरही आलं. दुकानदारानं कापसावर मारायचं औषध हाती दिलं. बाटली उघडण्याआधी मावशीनं मला फोन केला, हे नशीब!

बाटली परत कर, म्हटलं. नात येता-जाता तुळशीचं पान तोडून तोंडात टाकते. मनी अंगाला लागलेलं सगळं चाटूनच साफ करते. फवारलेलं विष पहिल्यांदा या दोघींच्याच पोटात जायचं.

हे पीठ म्हणजे पिठ्या ढेकूण, आपल्या घरांतल्या कन्नडमध्ये हिट्टु तिगणे. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात, आणि पिठ्याला खाणाऱ्या किड्यांना त्याच हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या मागे, देठांच्या बेचक्यांत नीट बघावं. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे. उरलेल्यांवर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारायचं, पानांच्या मागूनही, आठवड्यानं पुन्हा. तुळशीवर तेवढं तेलसुद्धा नको, पाण्याची जोरदार धार आणि बोटं पुरतात. स्टँडच्या पायांना ग्रीस लावलं की मुंग्या चढत नाहीत. पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत मला पसंत नाही, त्यात डास होतात.

एक मात्र जपा. पिठ्यातच पांढऱ्या झिपऱ्यांची, जरा मोठी, भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती एका ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची असते आणि पिठ्याच खाते. हा किडा 1898 मध्ये भारतात आणला गेला. पुढे 2008 मध्ये तमिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या आला आणि कर्नाटक-महाराष्ट्रातही पसरला. तेव्हा औषधं थकली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेनं 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याचा शत्रू, एक इवलीशी गांधीलमाशी, आणवून सोडली आणि तो आटोक्यात आला.

आता मनीचं. मांजराला मोकळी, भुसभुशीत माती दिसली की ती उकरणारच. डांबरगोळ्या घालायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, त्या मांजरालाही विषारी आणि पोरांनाही. मातीवर करवंट्यांचे तुकडे किंवा मुठीएवढे गोटे दाटीनं मांडले की पाय टेकायला जागा राहत नाही. शेजारी वाळूचा एक ट्रे ठेवला तर बहुधा ती तिकडेच वळते.

उलट मांजराला झाडापासून जपायची वेळही येते. डिफेनबेकिया आणि मनीप्लांट चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. गुच्छांत येणारी एशियाटिक लिली त्याहून वाईट. पान, फूल, अगदी अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. असं काही झालं तर उलटीची वाट न बघता लगेच पशुवैद्य गाठावा. मावशीकडे वाढदिवसाला आलेला लिलीचा गुच्छ आता जिन्याखालच्या शेजाऱ्यांकडे जातो. त्यांच्याकडे पोपट आहे, पण तो पिंजऱ्यात असतो.