चार चाकांचा जोर आणि बिलियर्डवाला कोरिऑलिस

एका वाचकाने विचारलंय: गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल, तर मजेत, जोरात चालवताना ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद ठेवायला काय हरकत आहे? चारही चाकं रस्ता धरून असतातच की!

ती तर कुठल्याही गाडीत असतात. इंजिनाचा जोर चार टायरांत वाटला गेला की वेग घेताना कुणा एकावर फार ताण येत नाही, वळणातून गाडी सुसाट बाहेर पडते. पण ब्रेक मारताना टायरची पकड यामुळे तसूभरही वाढत नाही. उलट, पुढचं वळण जास्त वेगात समोर येतं. जाहिराती एवढंच सांगायचं विसरतात.

१९९८ साली आलेल्या ऑडी टीटीचं क्वाट्रो, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, रूपही होतं. ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) मात्र नव्हतं. जर्मनीच्या ऑटोबानवर भरधाव लेन बदलताना काही टीटी भिरभिरल्या, माणसं दगावली. मग २००० मध्ये कंपनीने ईएसपी, मागचा स्पॉइलर आणि सस्पेन्शनमधले बदल आणले.

बॉशमध्ये अँटन व्हॅन झांटेन यांच्या चमूने घडवलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. स्टिअरिंगवरून चालकाची इच्छा कळते, सेन्सरवरून गाडी खरोखर किती वळतेय ते. दोन्ही जुळलं नाही की एकाच चाकाला ब्रेक लागतो. नाक बाहेर पळत असेल तर आतल्या मागच्या चाकाला, शेपूट सुटत असेल तर बाहेरच्या पुढच्या.

या सेन्सरमध्ये सतत थरथरणारा एक इवलासा भाग असतो. गाडी वळली की त्याला आडवा ढकलणारं बल म्हणजे आपलं कोरिऑलिस बल! शाळेत ते वाऱ्यांच्या धड्यात भेटतं, पण १८३५ साली गास्पार कोरिऑलिसच्या डोक्यात वारे नव्हते, फिरती यंत्रं होती. त्याच वर्षी या गृहस्थाने बिलियर्डच्या गणितावर अख्खं पुस्तक काढलं! तिरक्या फटक्याने निघालेला चेंडू घसरतोय तोवर पॅराबोलात जातो आणि घसरणं थांबून नुसता लोळू लागला की सरळ, हे त्याने दाखवलं. टायरचं दुखणंही हेच: लोळणं कुठे संपतं आणि घसरणं कुठे सुरू होतं?

हौशी चालकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. ईएससी ब्रेक लावून गाडी सावरते, म्हणजे वेग खाते. ट्रॅकवर ब्रेकही तापतात. मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्यूशन-४ मध्ये वेगळी वाट धरली. मागच्या डिफरेन्शियलमधून बाहेरच्या चाकाला जास्त जोर द्यायचा, म्हणजे ब्रेक न लावता गाडी वळणात शिरते. मला ही युक्ती जास्त देखणी वाटते. पण चारही टायर हद्दीला पोचले असतील, तर वाटायला जोर असूनही पकड उरलेली नसते.

म्हणून वाचकाला उत्तर असं, की ट्रॅकवर स्पोर्ट मोड लावा. त्यात गाडीला थोडं घसरू देऊन मगच ईएससी हात घालते. सार्वजनिक रस्त्यावर ईएससी बंद करायच्या बटणाला हात नको. तसंही मर्सिडीजच्या काही गाड्यांत ‘बंद’ केलेली यंत्रणा ब्रेक जोरात दाबताच परत जागी होते.