पुनरुक्तीमागील अर्थ : स्वमग्न मुलांची भाषा

आई विचारते, ‘‘तुला पाणी हवं का?’’ मूल उत्तरते, ‘‘तुला पाणी हवं का?’’ ऐकणाऱ्यास ही पोपटपंची वाटते. स्वमग्न मुलांच्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. मात्र या पुनरुक्तीत पुष्कळदा अर्थ दडलेला असतो, असे भाषेच्या अभ्यासकांना आढळले आहे.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८ मुले बोलत होती. ती ऐकलेले वाक्य अखंड उचलीत आणि त्यातील ‘तू’ तसाच ठेवून स्वतःविषयी बोलत. एका मुलाला आईने खेळण्यातला कुत्रा गच्चीवरून फेकू नकोस, असे बजावले होते. पुढे कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की तो तेच वाक्य स्वतःशी म्हणे. मूळ प्रसंग ठाऊक नसलेल्यास ते असंबद्ध वाटणारच!

१९८१ मध्ये बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुखान या अमेरिकन अभ्यासकांनी ४ स्वमग्न मुलग्यांच्या तात्काळ पुनरुक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाची नजर, हावभाव व स्वर यांच्यासह त्यांनी हजारावर उच्चार तपासले. त्यांतून पुनरुक्तीची ७ कार्ये स्पष्ट झाली. संभाषणातील आपली पाळी राखणे, होकार देणे, मागणी करणे आणि स्वतःच्या कृतीला आवर घालणे ही त्यांपैकी काही होत. काही उच्चार मात्र हेतुविरहितही होते.

मराठीत क्रियापदही लिंगानुसार बदलते. त्यामुळे एखादा मुलगा ‘मी येते’ म्हणाला, तर ते आईचेच वाक्य त्याने जसेच्या तसे उचललेले असू शकते. तो थट्टेचा विषय नव्हे.

म्हणून ‘‘तेच तेच बोलू नकोस,’’ असे दटावण्यापूर्वी थोडे थांबावे. हे वाक्य मुलाने कोठे ऐकले, आता त्याची नजर कशावर आहे, हे पाहावे. त्याला पाणी हवे असल्याचे जाणवले, तर ‘‘मला पाणी हवं,’’ असे त्याच्या बाजूने म्हणून पाणी द्यावे. वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्लाही अवश्य घ्यावा. पुनरुक्ती सरसकट बंद पाडल्यास मुलाजवळ असलेला संवादाचा एकमेव मार्गही कदाचित बंद होईल. त्याचे शब्द उसने असतील. गरज मात्र त्याची स्वतःची असते.